बेस ऊबदार हवा, पण बँजोखाली बुडायला नको

पत्र: माझ्याकडे तीन-चतुर्थांश मापाचा, प्लायवूडचा डबल बेस आहे. घेतला तेव्हापासून त्यावर ऑर्केस्ट्रासाठीच्या, मध्यम ताणाच्या स्टीलच्या तारा आहेत. आता मी ब्लूग्रास, म्हणजे तंतुवाद्यांवरचं अमेरिकन लोकसंगीत, वाजवणाऱ्या पाच जणांच्या चमूत आहे: बँजो, मॅन्डोलिन, गिटार, फिडल आणि मी. जुन्या रेकॉर्डवर बेसचा जो भरीव, गोल सूर ऐकू येतो, तो माझ्या वाद्यातून निघत नाही. माझा सूर खणखणतो, लांबत राहतो आणि तरीही बँजोवाला म्हणतो की बेस ऐकूच येत नाही. मी बहुतेक वेळा बोटांनीच वाजवतो, एखाद्या संथ वॉल्ट्झमध्ये गज हातात घेतो. कार्यक्रमात घोडीत बसवलेला पिकअप (आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडे नेणारं उपकरण) लावावा लागतो. गटच्या, म्हणजे आतड्याच्या तारांशिवाय तो जुना सूर येणार नाही असं काही जण सांगतात, पण गटच्या देखभालीची मला धास्ती वाटते. कुठला संच घेऊ? आणि चारही तारा एकदम बदलायलाच हव्यात का?

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. सूर लांबत राहतो आणि तरीही बँजोवाल्याला बेस ऐकू येत नाही. या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. सूर लांबतो म्हणूनच तो ऐकू येत नाही. म्हणून पाकिटावर ‘ऊबदार’ लिहिलंय का हे बघण्याआधी मी तारेबद्दल एकच विचारीन: छेडल्यावर तिची आस, म्हणजे मागे उरणारा नाद, किती वेळ रेंगाळते?

ब्लूग्रासमध्ये बेसला काय काम असतं ते बघा. चार मात्रा धरल्या तर पहिली आणि तिसरी बेसची, दुसरी आणि चौथी मॅन्डोलिनच्या चॉपची, म्हणजे तिच्या तुटक, दाबलेल्या ठोक्याची. ड्रम नसतात, त्यामुळे ठेका या दोघांनीच धरायचा. मिनिटाला २८० मात्रांचं जलद गाणं घ्या. तुमच्या वाट्याला मिनिटाला १४० सूर येतात, म्हणजे एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ०.४३ सेकंद. यातल्या पहिल्या अर्ध्या भागात सूर फुलायला हवा आणि चॉप पडायच्या वेळी त्याने जागा सोडायला हवी. बेसच्या चार तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा असतात. त्यातली स्टीलची ‘जी’ तार मोकळी, म्हणजे बोटाने न दाबता, छेडून तशीच सोडली तर कित्येक सेकंद वाजत राहते. मग आधीच्या सुराची शेपटी पुढच्या सुराच्या तोंडावर येऊन बसते, आणि ऐकणाऱ्याला सूर कुठे सुरू झाला ते कळत नाही. त्याला ऐकू येते फक्त एक सलग घूं. सलग आवाजाकडे कान फार लवकर दुर्लक्ष करतो. तुमच्या बँजोवाल्याचं नेमकं हेच झालं आहे. अशा वेळी आवाज वाढवला तर ती घूं वाढते, बेस पुढे येत नाही.

आता उबेबद्दल. ई तारेचा मूळ नाद ४१ हर्ट्झच्या जरासा वर असतो. तीन-चतुर्थांश मापाच्या बेसची पेटी एवढा खोल नाद फारसा बाहेर टाकतच नाही. पेटीतल्या हवेचा अनुनाद साधारण साठ हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याखाली आवाज झपाट्याने पातळ होतो. आपल्याला खर्ज ऐकू येतो तो मुख्यतः ८२, १२३, १६५ हर्ट्झवरच्या उपस्वरांमुळे, म्हणजे मूळ नादासोबत वाजणाऱ्या वरच्या नादांमुळे. त्यांच्यावरून खालचा मूळ नाद मेंदूच भरून काढतो. म्हणजे सूर भरीव वाटणं हे या खालच्या चार-सहा उपस्वरांच्या हाती आहे. धातूची खणखण येते ती बरीच वरून. आपल्याला तार हवी ती अशी, की वरची खणखण छेडल्याबरोबर विरून जावी आणि खालचे उपस्वर मात्र दणकट राहावेत.

हे एवढ्या विस्ताराने सांगतो आहे, कारण ऊब हवी म्हणून लोक मिळेल ती सर्वांत मंद, सर्वांत दबकी तार लावतात. खोलीत एकट्याने वाजवताना ती फार गोड लागते. चमूत बसल्यावर मात्र तिचे मधले उपस्वरही गेलेले असतात आणि गिटारच्या खालच्या तारा तिला सहज गिळतात. ऊबदार सुरालासुद्धा स्पष्ट सुरुवात लागते.

जुन्या रेकॉर्डबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो १९३९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले. १९४५ च्या अखेरीस बँजोवादक अर्ल स्क्रग्ज आल्यावर मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइज या चमूचा जो आवाज घडला, त्यात बेसवर हॉवर्ड वॉट्स होते. रसिक त्यांना सेड्रिक रेनवॉटर या नावाने ओळखत. त्या काळी बेसवर गटच्याच तारा असत, स्टीलचा प्रसार १९५० नंतरचा. तेव्हा तो सूर गटचा आहे असं म्हणणारे चूक नाहीत. पण त्या सुरात उंच घोडीचा, हलक्या ताणाचा, दणकट उजव्या हाताचा आणि एकाच मायक्रोफोनभोवती उभं राहून वाजवण्याचाही वाटा आहे. यातलं बरंचसं तुम्हाला गटशिवायही साधता येईल. शिवाय तुमचा बेस प्लायवूडचा आहे याचं वाईट वाटून घेऊ नका. शिकागोच्या के कंपनीचे जुने प्लायवूडचे बेस ब्लूग्रासवाले आजही हौसेने शोधतात. प्लायवूडच्या वाद्याचा सूर चटकन उमटतो आणि चटकन संपतो. या संगीतात तो गुणच आहे.

काहीही विकत घेण्याआधी दोन चाचण्या करा. दोन्ही चमूसोबत करा, घरी एकट्याने केल्यात तर काही कळणार नाही.

पहिली चाचणी. स्पंजची एक बोटभर जाडीची पट्टी कापा आणि घोडीच्या अगदी जवळ, फिंगरबोर्डच्या बाजूला, चारही तारांखाली सरकवा. ती तारांना जेमतेम टेकली पाहिजे. घट्ट बसली तर नुसता ठप्प आवाज येईल. मग नेहमीचं एखादं जलद गाणं वाजवा आणि बँजोवाल्याला विचारा. बेस आता ऐकू येतो असं तो म्हणाला तर निदान पक्कं झालं: तुम्हाला आखूड आसेची तार हवी आहे. स्पंज पुढेमागे सरकवून आस कमीजास्त करता येते, त्यामुळे नेमकी किती आखूड हवी याचाही अंदाज येईल. ती आस कानात नीट साठवून ठेवा. तारा निवडताना तीच उपयोगी पडेल.

दुसरी चाचणी ताणाची. चारही तारा अर्ध्या स्वराने खाली उतरवा. तेवढ्याने ताण साधारण ११ टक्के कमी होतो. (गाणं मूळ पट्टीत वाजवायचं तर बोटं अर्धा स्वर पुढे ठेवावी लागतील, एखाद्या सोप्या गाण्यापुरतं हे जमतं.) आता पेटीवर तळहात ठेवून मोकळी ए तार छेडा. पूर्वीपेक्षा पेटी जास्त थरथरते आहे का, सूर रुंदावला आहे का? तसं असेल तर तुमच्या बेसचा पुढचा फळा सध्याच्या ताणाखाली आवळला गेला आहे. मध्यम स्टीलच्या संचात एकेका तारेवर ३० किलोच्या आसपास ताण असतो, चार तारांचा मिळून १०० किलोच्या वर जातो. काही बेस हा भार मजेत पेलतात. काही त्याखाली गप्प होतात, आणि जोर लावून वाजवलं तरी उघडत नाहीत. उलट, उतरवल्यावर सूर सैल आणि भोंगळ झाला, तर तुमच्या वाद्याला ताण हवा आहे. मग हलक्या संचाच्या मागे लागू नका.

या चाचण्या झाल्या की तारांचं भलंमोठं जंगल बरंच लहान होतं.

आधी गट, कारण तुमच्या मनात तीच आहे. जनावराच्या आतड्यापासून केलेली साधी, वर काही न गुंडाळलेली गटची जी आणि डी तार वाजवून बघायची संधी मिळाली तर सोडू नका. तिचा सूर बोटाखालून फुगून येतो आणि आपणहून मिटतो. तो तसा दुसऱ्या कशानेच हुबेहूब मिळत नाही. पण धास्तीही खोटी नाही. हवेतला दमटपणा बदलला की गट उतरते किंवा चढते, दोन गाण्यांमध्ये सूर लावावा लागतो. ती जाडही खूप असते. स्टीलच्या जी तारेच्या दीडपटीहून जास्त जाडी धरा, म्हणजे घोडीच्या आणि नटच्या (फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा रुंद करून घ्याव्या लागतात आणि मग पातळ तारांकडे परत येणं सोपं राहत नाही. झोका मोठा असल्यामुळे घोडी उंच लागते. वापराने तारेवर केस सुटतात. ते ओढायचे नसतात, नेलकटरने तारेलगत कापायचे असतात. हे सगळं प्रेमाने करणारी माणसं आहेत आणि त्यांचा सूर ऐकून हेवा वाटतो. वाद्य दमट हॉलमधून कोरड्या खोलीत आणि तिथून उघड्या मैदानात न्यायचं असेल, तर पहिल्याच फेरीत मी तुम्हाला हे सुचवणार नाही.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती कृत्रिम धाग्याच्या गाभ्याच्या तारांना. आत अनेक बारीक धागे असतात, वरून धातूची पट्टी गुंडाळलेली असते. आस गटपेक्षा थोडी लांब, स्टीलपेक्षा बरीच आखूड. पिरास्ट्रोचा एव्हा पिराझ्झी संच, तोही वाइख म्हणजे हलक्या ताणाचा, तुमच्या वर्णनाला सर्वात जवळचा आहे. बोटांनी छेडल्यावर त्याचा सूर गोल येतो, सुरुवात ठळक राहते आणि गजालाही तो नीट साथ देतो. तुमच्या वॉल्ट्झसाठी हे महत्त्वाचं आहे. त्याच कंपनीचा ओब्लिगाटो आणखी मऊ, आणखी मधाळ आहे. मात्र तुमचा बँजोवाला जोरकस असेल तर मी एव्हाकडेच झुकेन, कारण ओब्लिगाटोची मऊ सुरुवात दाट चमूत हरवू शकते.

गज पूर्णपणे सोडायची तयारी असेल तर आणखी एक वाट आहे. इनोव्हेशनचा गोल्डन स्लॅप किंवा ला बेलाचा ७७१० हे संच गटच्या स्वभावाच्या फार जवळ जातात. ला बेलाच्या तारांवर काळ्या नायलॉनची पट्टी असते. बोटाला त्या गुळगुळीत लागतात आणि ठोक्याला भरदार दणका देतात. गज त्यांच्यावर नीट धरत नाही.

स्टीलला मी सरसकट बाद करत नाही. डॅडारिओचा हेलिकोर हायब्रिड बोटं आणि गज दोन्हींसाठी बनवलेला आहे आणि ब्लूग्रासवाल्यांत बराच दिसतो. थोमास्टिकच्या स्पिरोकोर तारा सुरुवातीचे काही आठवडे कानाला टोचतात, मग हळूहळू मवाळ होतात आणि पुढे वर्षानुवर्षं टिकतात. पण त्यांची खरी ओळख म्हणजे लांब, गुरगुरणारी आस. जॅझमध्ये संथ चालीत ती सोन्यासारखी आहे. तुमच्या तक्रारीवर ती औषध नाही. अपवाद एकच. तुम्ही पहिल्या-तिसऱ्या मात्रेपुरतं न थांबता सलग चालती बेस (प्रत्येक मात्रेवर नवा सूर) आणि मधून एकल फेऱ्याही घेत असाल, तर थोडी लांब आस आणि जास्त टोकदार सूर उपयोगी पडतो. साठच्या दशकात द कंट्री जंटलमेन या ब्लूग्रास चमूत टॉम ग्रे यांनी बेस असा पुढे आणला. त्या वाटेने जायचं असेल तर हिशेब बदलतो. पत्रावरून मला तसं वाटत नाही.

विकत घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: संच ऑर्केस्ट्रा सुरावटीचा, म्हणजे नेहमीच्या ई-ए-डी-जीवर लावायचा, आहे ना? सोलो सुरावटीचे संच एक पूर्ण स्वर वर लावण्यासाठी असतात. ते नेहमीच्या ई-ए-डी-जीवर आणले तर ताण जवळपास २० टक्के कमी होतो. काही जण मुद्दाम तसं करतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात सैल, घोळदार तार येते.

तार बदलली की घोडीची उंचीही बदलावी लागेल. हलक्या तारेचा झोका मोठा असतो, जुन्या उंचीवर ती फिंगरबोर्डवर आपटेल आणि तुम्हाला वाटेल की तारच खराब आहे. फिंगरबोर्डच्या टोकाशी मोजा. स्टीलसाठी जी तार पाच-सहा मिलिमीटरवर चालते, कृत्रिम गाभ्याची आणखी एक-दोन मिलिमीटर वर घ्यावी लागेल, आणि ई तार जीपेक्षा आणखी तीनेक मिलिमीटर उंच ठेवावी. घोडीला फिरवायची चक्रं असतील तर हे पाच मिनिटांचं काम आहे, नसतील तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे जा. उंची थोडी जास्त झाली तर बोटं दुखतात, पण आवाजही मोठा निघतो. ब्लूग्रासमध्ये मी जास्तीच्या बाजूने चुकेन.

उजव्या हाताबद्दलही लिहायला हवं, कारण अर्धी ऊब तिथेच असते. बोटाच्या टोकाने तार उचलू नका. तर्जनी जवळजवळ तारेला समांतर आडवी टेकवा आणि बोटाच्या कडेचं सगळं मांस तारेत रोवून तिला बाजूला ढकला. छेडायची जागा फिंगरबोर्डच्या शेवटाशी. तिथून घोडीकडे सरकलात की खणखण वाढते. आणि डावा हात विसरू नका: सूर दाबून वाजवला असेल तर चॉपच्या क्षणी बोटाचा दाब किंचित सोडला की आस तिथेच मिटते. मोकळ्या तारेवर हे करता येत नाही. म्हणूनच जीच्या पट्टीत बेस जास्त गुंजतो आणि बीच्या पट्टीत, जिथे मूळ स्वर आणि पंचम दोन्ही दाबून वाजवावे लागतात, तोच बेस आवरलेला वाटतो. पुढच्या तालमीत या दोन पट्ट्या मुद्दाम पाठोपाठ वाजवा. तुमचा बँजोवाला बीमध्ये तक्रार करतो का, हे मला खरोखर जाणून घ्यायला आवडेल.

पिकअपचं थोडक्यात. घोडीत बसणारा पिकअप कंपनांवर चालतो, त्याला तार कशाची आहे याने फरक पडत नाही. चुंबकीय पिकअप असता तर गट किंवा नायलॉनच्या तारांवर तो निरुपयोगी ठरला असता. नव्या तारा लावल्यावर अ‍ॅम्प्लिफायरवरचा खालचा खर्ज आधी कमी करून बघा. मंचावर घूं वाढते ती बहुतेक वेळा तिथून.

तारा बदलताना एका वेळी एकच काढा. चारही एकदम उतरवल्या की घोडी पडते आणि आतला साउंडपोस्टही (दोन फळ्यांमध्ये उभी असलेली लाकडी काठी) ढळू शकतो. तो परत उभा करणं घरचं काम नाही. नव्या तारेआधी नटच्या आणि घोडीच्या खाचेत शिसपेन्सिल घासा, तार अडकत नाही. खुंटी पिळताना तार घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे ओढत राहते, म्हणून प्रत्येक तारेनंतर बाजूने बघा: घोडीची मागची, टेलपीसकडची (तारांचं खालचं टोक जिथे अडकवतात तिकडची) बाजू फळ्याशी काटकोनात हवी. कृत्रिम गाभ्याच्या तारा काही दिवस ताणत राहतात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या लावू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. चारही तारा एकदम बदलणं गरजेचं नाही, आणि तुमच्या जागी मी बदलणारही नाही. स्टीलचा बारीक, धातूचा आवाज सर्वात जास्त कळतो तो वरच्या दोन तारांवर, म्हणजे जी आणि डीवर, आणि ब्लूग्रासमधली कितीतरी गाणी जी, डी, ए या पट्ट्यांत असल्यामुळे याच तारा मोकळ्या वाजत राहतात. आधी एव्हा पिराझ्झी वाइखच्या जी आणि डी सुट्ट्या घ्या. खाली ए आणि ई तुमच्या आत्ताच्याच राहू द्या. वर मऊ आणि खाली स्टील अशी जोडणी खूप जण कायमचीच ठेवतात, कारण खालच्या जाड तारांना थोडी धार असलेली बरी पडते. तीन-चार तालमींनंतर डीवरून एवर येताना सूर एकदम बदलल्यासारखा वाटला, तर ए घ्या. ई बदलायची वेळ बहुधा सर्वात शेवटी येईल. उतरवलेली जी आणि डी सैल वेटोळं करून केसमध्ये ठेवा. कार्यक्रमात नवी तार तुटली तर त्याच कामाला येतील.